स्टेपनी कॅरियर : आधी काटा, मग कॅटलॉग



व्हिडिओत आपण थारच्या मागच्या दरवाज्याचं मोजमाप करून दाखवलं. पण व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आजचा धडा मुख्यतः डहाणू, तलासरी, चारोटी, कासा या पट्ट्यात गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी आहे. पण तुम्ही इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, सोलर असं काहीही ‘बसवून देणार’ असाल, तरी वाचा. वस्तू तीच नसली तरी हिशोब तोच आहे.

प्रश्न असा. थार, गुरखा, जिमनी या तिन्ही गाड्यांची स्टेपनी मागच्या दरवाज्यावर असते. मालक मोठे टायर टाकतो, मग स्टेपनीही मोठी येते. दोन-चार महिन्यांनी दरवाजा खडखडायला लागतो आणि मालक तुमच्या दुकानात येऊन म्हणतो, “भाऊ, मागे लोखंडी कॅरियर बसवून द्या.” बाजारात आठ हजारांपासून पुढे कितीही किमतीचा माल मिळतो. तुम्ही कोणता ठेवायचा?

माझं उत्तर आधीच सांगतो. जो कॅरियर बसवल्यावर एक अख्खा पावसाळा गेला, तरी त्याच्या बिलावर तुमची सही आहे याची तुम्हाला भीती वाटणार नाही, तोच ठेवायचा. आणि बऱ्याच गाड्यांसाठी योग्य उत्तर “कॅरियर लागत नाही” हेच असतं. आता हे कसं ठरवायचं ते पायरीपायरीने बघू.

पायरी १ : ग्राहक काय मागतो आणि त्याला काय पाहिजे

ग्राहक कॅरियर मागतो, पण त्याला खरं म्हणजे न खडखडणारा दरवाजा पाहिजे असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंपनीने दरवाजा, बिजागऱ्या आणि लॅच कंपनीच्याच मापाच्या स्टेपनीचं वजन धरून बनवलेले असतात. थारला कंपनीकडून २५५/६५ आर १८ किंवा २४५/७५ आर १६ टायर येतो. २५५/६५ आर १८ चा व्यास काढा. २५५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १६६ मिलिमीटर, ते दोन बाजूंनी म्हणून ३३१, आणि त्यात १८ इंची रिमचे ४५७ मिळवा. झाले साधारण ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. २४५/७५ आर १६ चा व्यास याच पद्धतीने ७७४ मिलिमीटर येतो.

आता ग्राहकाने २८५/७० आर १७ टाकला असेल, तर व्यास ८३१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३३ इंच. व्यासात फरक चार सेंटिमीटरच दिसतो. पण टायर रुंदही झाला, बाजूची भिंत जाड झाली, आणि त्यातून जाड लोखंडी रिम घेतली असेल तर वजन बरंच वाढतं. किती वाढतं? अंदाज करू नका. स्टेपनी काढा आणि काट्यावर ठेवा. दुकानात काटा नसेल तर शेजारच्या भंगारवाल्याकडे असतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ग्राहकासमोर केलं तर तुमच्याबद्दल विश्वास तिथेच तयार होतो.

गाडीला कंपनीच्याच मापाचे टायर असतील आणि तरीही दरवाजा खडखडत असेल, तर दोष बहुतेक वेळा रबर स्टॉपर, लॅचची सेटिंग किंवा ढिल्या बोल्टात असतो. ते काम काही शे रुपयांचं असतं. तिथे हजारोंचा कॅरियर गळ्यात मारू नका. डहाणू-तलासरी काही मुंबई नाही. इथे वाडीवाले, रिसॉर्टवाले, कॉन्ट्रॅक्टर सगळे एकमेकांना ओळखतात. एकाला फसवलं तर दहा जणांना कळतं, आणि एकाला खरं सांगितलं तरी दहा जणांना कळतं.

पायरी २ : बिजागरीवर किती ओढ येते

थोडं गणित, घाबरू नका. समजा स्टेपनीचा मध्य बिजागऱ्यांपासून ६० सेंटिमीटरवर आहे, आणि वरच्या-खालच्या बिजागरीत ४० सेंटिमीटर अंतर आहे. स्टेपनी ३० किलोची. दरवाजा उघडा असताना नुसत्या स्टेपनीमुळे वरची बिजागरी किती जोराने बाहेर ओढली जाते?

३० × ६० ÷ ४० = ४५ किलो.

आता तीच स्टेपनी ४५ किलोची झाली तर :

४५ × ६० ÷ ४० = ६७.५ किलो.

म्हणजे वजन पंधरा किलोने वाढलं, पण ओढ साडेबावीस किलोने वाढली. हे गाडी उभी असतानाचं झालं. पावसाळ्यात तलासरीहून उधव्याकडे जाताना खड्ड्यात चाक आपटलं, की हाच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. दरवाजा बंद असताना लॅच काही भार घेतो, पण मग झीज लॅचवरही येते.

खुणा बघायला शिका. दरवाजा अर्धा उघडा आणि कडेला धरून वर उचला. बिजागरीत खेळ जाणवतो का? लॅचच्या खुंटीवर घासल्याची चमक आहे का? बिजागरीभोवती रंगाला केसासारख्या भेगा आहेत का? पाऊस दरवाज्याच्या रबरातून आत येतो का? यातलं काही दिसलं, तर आधी बिजागरी दुरुस्त करा, कॅरियरचं नंतर बघू. खराब बिजागरीवर नवीन वस्तू लावणं म्हणजे भेगाळलेल्या भिंतीवर रंग मारणं.

पायरी ३ : पर्याय चार आहेत

पहिला पर्याय, काहीच न बसवणं. मूळ मापाची स्टेपनी मूळ जागीच ठेवायची, चार चाकं मोठी. हे चालतं, पण ग्राहकाला अट सांगा. वेगळ्या व्यासाचं चाक फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत, हळू, आणि फोर बाय फोर अजिबात न लावता. लहान चाक पुढच्या एक्सलला लावायचं. मागचं चाक पंक्चर असेल तर पुढचं मोठं चाक मागे न्यायचं आणि लहान पुढे लावायचं. टू-व्हीलमध्ये ओढ मागच्या चाकांवर असते. मागे दोन वेगळ्या व्यासाची चाकं राहिली, तर डिफरेन्शियलला विनाकारण सतत काम करावं लागतं.

दुसरा, बिजागरी आणि दरवाजा मजबूत करणारी पट्टी. स्टेपनी दरवाज्यावरच राहते, पण भार दरवाज्याच्या मोठ्या भागावर पसरतो. टायर थोडाच मोठा असेल तर हा पर्याय पुरतो. खर्च कमी, वजन कमी, काढून टाकला तर गाडी पुन्हा मूळ रूपात.

तिसरा, बंपरवर किंवा चेसीवर बसणारा, बाजूला फिरणारा कॅरियर. यात दरवाज्यावरचा भार पूर्ण जातो. स्टेपनी खूप जड असेल तर खरं उत्तर हेच. पण याचेही तोटे आहेत. मागे वजन वाढतं, दरवाजा उघडायला आधी कॅरियर उघडावा लागतो, आणि मागून उतारावर उतरताना बंपर आधी टेकू शकतो. दर आठवड्याला बाजारहाट करणाऱ्या घराला ही दोनदा उघडझाप नको वाटते. हे विकण्याआधी सांगा, विकल्यावर नाही.

चौथा, तिसऱ्यासारखाच, पण कॅरियर आणि दरवाजा एका दांडीने जोडलेले, म्हणजे दोन्ही एकत्र उघडतात. वापरायला सोपा. पण सांधे जास्त, आणि जितके सांधे तितके खडखडाटाचे मार्ग.

आणि टपावर? जड स्टेपनी टपावर टाकून देऊ नका. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि या गाड्या आधीच उंच आहेत.

पायरी ४ : माल हातात घेऊन तपासा

कॅटलॉगमधला फोटो सगळ्यांचाच छान असतो. तुम्ही हे सात मुद्दे बघा.

१. फिरणारा सांधा. आत टेपर बेअरिंग आहे की नुसता बुश? बुश चालतो, पण ग्रीस निपल पाहिजेच. निपल नसेल तर आपल्या खाऱ्या हवेत सांधा जाम होणार.

२. लॅच. बंद असताना कॅरियरचं मोकळं टोक एकाच जागी धरलंय की खाली आधारही आहे? आधाराशिवाय सगळं वजन सांध्यावर लटकतं.

३. उघडं राहण्याची सोय. उतारावर गाडी उभी असेल तर कॅरियर आपोआप परत येऊन माणसाच्या अंगावर बसता कामा नये. पिन किंवा लॉक हवं.

४. नटबोल्ट. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. आकडा नसलेला बोल्ट वापरू नका. नट नायलॉनवाला, आणि खाली जाड वायसर.

५. गंज. डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डी, झाई, सगळा समुद्राचा पट्टा. नुसत्या लोखंडावर मारलेला काळा स्प्रे एका पावसाळ्यात फुगतो. साफ करून, प्रायमर मारून मग पावडर कोटिंग केलेलं पाहिजे, किंवा जस्ताचा थर. पोकळ पाइपला खाली पाणी निघायचं भोक आहे का, तेही बघा. गंज आतून सुरू होतो आणि बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

६. बसवण्याची पद्धत. मूळ भोकांत बोल्टने बसणारा माल घ्या. चेसीला किंवा बॉडीला वेल्डिंग करावं लागत असेल, तर सरळ नाही म्हणा. वेल्डिंगने कंपनीचा गंजरोधक थर जळतो, काळजी न घेता केलं तर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला धोका असतो, आणि वॉरंटीचा वाद वेगळाच.

७. दिवे, नंबरप्लेट, कॅमेरा. चाचणी बसवणी करून पंधरा पावलं मागे जा. टेललाइट, इंडिकेटर, वरचा ब्रेकलाइट आणि पूर्ण नंबरप्लेट दिसते का? रिव्हर्स कॅमेऱ्यासमोर टायर येतो का? उच्च सुरक्षा नंबरप्लेट एकदाच लागणाऱ्या स्नॅप लॉकने बसवलेली असते. ती तुम्ही दुकानात काढून दुसरीकडे लावायची नाही. प्लेट झाकली जात असेल, तर तो कॅरियर त्या गाडीसाठी नाही.

पायरी ५ : कायदा, सोप्या भाषेत

हा भाग लोक टाळतात, म्हणून नीट वाचा.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अंगाने निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदललं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून ग्राहकाला “काही होत नाही, सगळे लावतात” असं सांगू नका. मोठ्या टायरचाही मुद्दा यात येतो. आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे चौकशी करूनच काम करू, असं सांगा. मोठ्या कामाला लेखी उत्तर मागवा. विमा कंपनीला न कळवलेलं फिटिंग क्लेमच्या वेळी अडचण करतं.

आता तुमच्याबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूच्या दोषाची जबाबदारी फक्त बनवणाऱ्यावर नाही. कलम ८६ प्रमाणे, माल बनवणारा कोण हेच माहीत नसेल, तर विकणारा जबाबदार धरला जाऊ शकतो. जोडणी किंवा तपासणी काळजीपूर्वक केली नाही, किंवा सावधगिरीच्या सूचना ग्राहकापर्यंत पोचवल्या नाहीत, तरीही.

याचा अर्थ समजून घ्या. बिलाशिवाय, नावाशिवाय आलेला स्वस्त कॅरियर तुम्ही विकला, की त्याचे कारखानदार तुम्हीच झालात. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर अच्छाडच्या दिशेने ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीची ४५ किलोची स्टेपनी सुटली आणि मागे दुचाकीवर नवरा-बायको असले, तर काय होईल याची कल्पना करा. त्या क्षणी तुमचा नफा किती होता हे कोणी विचारणार नाही. म्हणून पुरवठादाराचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक असलेलं बिल नसेल, तर माल दुकानात घ्यायचाच नाही.

पायरी ६ : स्वस्त माल महाग कसा पडतो

बीबीएला मार्कअप आणि मार्जिन शिकवतात, पण परत आलेल्या मालाचा हिशोब दुकानच शिकवतं. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, जीएसटी वगळून. तुमचे आकडे तुम्ही टाका.

चांगला कॅरियर : खरेदी १४,०००, वाहतूक ७००, नटबोल्ट-रबर ४००, मजुरी १,२००, नंतरच्या दोन तपासण्या ४००, तक्रारीसाठी राखीव ८००. एकूण १७,५००. विक्री २१,०००. हातात ३,५००. खर्चावर हा २० टक्के मार्कअप, पण विक्रीवर मार्जिन १६.६७ टक्के. हे दोन आकडे एक समजू नका.

स्वस्त कॅरियर : खरेदी ८,०००, वाहतूक ७००, नटबोल्ट-रबर ४००, मजुरी १,२००. एकूण १०,३००. विक्री १५,०००. हातात ४,७००. बघायला जास्त!

आता चार नग विका. चांगल्या मालाचे चार × ३,५०० म्हणजे १४,०००. स्वस्तातले तीन टिकले तर १४,१००. चौथा परत आला. ग्राहकाचे १५,००० परत दिले, मालाचा आणि मजुरीचा खर्च १०,३०० बुडाला, काढायची मजुरी ६००. तोटा १०,९००. उरले ३,२००. म्हणजे नगामागे ८०० रुपये. आणि त्या चौथ्या ग्राहकाने गावात काय सांगितलं, ते यात धरलेलं नाही.

पायरी ७ : आपल्या भागात धंदा कसा मांडायचा

माल भरून ठेवू नका. नमुन्याला एक कॅरियर आणि एक मजबुतीची पट्टी दुकानात ठेवा, बाकी आगाऊ रक्कम घेऊन ऑर्डर करा. पुरवठादारासाठी लांब जायला नको. एका बाजूला बोईसर-तारापूर, दुसऱ्या बाजूला उंबरगाव, वापी, सिल्वासा. फॅब्रिकेशनची कामं करणारे भरपूर आहेत. पण प्रत्येकाला विचारा : ड्रॉइंग आहे का? पाइपची जाडी लिहून द्याल का? दुसरा नग पहिल्यासारखाच येईल का?

स्वतःचं फॅब्रिकेशन आणि कोटिंग युनिट टाकायचं मनात असेल, तर थांबा. डहाणू तालुका १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र आहे, तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टाही त्यात सांगितला आहे, आणि उद्योगांची त्यात वर्गवारी केलेली आहे. जागा भाड्याने घेण्याआधी आपलं काम कोणत्या वर्गात येतं ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून समजून घ्या. सुरुवात ‘तपासणी आणि फिटिंग’ म्हणूनच करा. भांडवल कमी अडकतं.

सीमेवरच्या दुकानदाराने आणखी एक लक्षात ठेवायचं.  तुम्ही वापीला पार्सल पाठवलं, तर ती आंतरराज्य विक्री, आणि त्यासाठी उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. खरेदी बाहेरून केली म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही. सीएशी एकदा बसून बोला.

पायरी ८ : बिलासोबत एक कागद

हा कागद दोन प्रतींत करा. त्यात गाडीचं मॉडेल, टायरचं माप, काट्यावरचं स्टेपनीचं वजन, कॅरियर बनवणाऱ्याचं नाव, बोल्ट कोणत्या टॉर्कवर कसले ते, आणि तारीख. खाली तीन सूचना : शंभर किलोमीटरनंतर दुकानात या, हजार किलोमीटरनंतर पुन्हा या, पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस. शेवटी ग्राहकाची सही आणि तुमची सही.

बोल्ट हाताच्या अंदाजाने नाही, टॉर्क रेंचनेच कसायचे. पुरवठादाराने टॉर्कचा आकडा दिला नसेल तर मागा. तो देऊ शकत नसेल, तर त्याने तो माल कधी तपासलाच नाही असं समजा. कसून झाल्यावर बोल्ट आणि पट्टीवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. हे ग्राहकालाही शिकवा.

गृहपाठ

येत्या रविवारी चारोटी नाक्याजवळ सुरक्षित जागी दोन तास बसा. दरवाज्यावर स्टेपनी असलेल्या गाड्या मोजा. वहीत दोन रकाने : कंपनीच्या मापाचे टायर आणि मोठे टायर. तिसऱ्या रकान्यात, यातल्या किती गाड्या आपल्या जिल्ह्याच्या, किती गुजरातच्या, किती मुंबईच्या. दोन रविवार मोजलंत की तुम्हाला कळेल, इथे कॅरियरचा धंदा आहे की बिजागरी-दुरुस्तीचा. दोन्ही धंदेच आहेत. फक्त कोणता आहे ते दुकान टाकण्याआधी कळलेलं बरं.

पुढच्या धड्यात तपासणीसाठी किती पैसे घ्यायचे, आणि ‘नुसतं बघायचे पैसे?’ असं विचारणाऱ्या ग्राहकाला काय सांगायचं, ते बघू. तोपर्यंत काटा आणा.